चौकटीवरची दुरुस्ती

पुण्याहून फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. अविनाशच्या संस्थेतले सहकारी होते. "ताई, जरा बसून घ्या," म्हणाले, आणि मला कळलं. हृदयविकाराचा झटका. माझा धाकटा भाऊ एक्केचाळिसाव्या वर्षी गेला. सहा आठवडे झाले, माझा राग अजून उतरत नाही... त्याच्यावरचा नाही, माझ्यावरचा.

अवि दीर्घिकांच्या मधोमध असलेली प्रचंड कृष्णविवरं मोजायचा. "दिसतच नाही, तर मोजतोस काय, कपाळ?" असं मी विचारलं की माझ्या हातातलं ताट काढून घ्यायचा. कृष्णविवराभोवती वायूची अशी चकती फिरते, तिचा वेग कळला की मधल्याचं वजन काढता येतं. मग ताट तिरकं धरायचा. "पण ही किती कललीय ते आधी कळायला हवं, ताई. तिथे चुकलं की सगळंच चुकतं." मोजायचं वेडच होतं त्याला. भाईंदरला आमच्याकडे आला की दर भाऊबीजेला माझ्या मुलीची, रेवाची, उंची स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहायचा. पुढे 'अधिक-उणे अर्धा सेंटिमीटर', कारण ती टाचा उचलते असा त्याला संशय.

त्याच्या एका कृष्णविवराचं वजन फार मोठं निघालं. पेपरात नाव आलं, सोसायटीने शाल-श्रीफळ दिलं, मी पार पेणकरपाड्यापर्यंत पेढे वाटून आले. त्यानंतर दोन वर्षांनी, २००६च्या भाऊबीजेला, ओवाळून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "ताई, चकतीचा कल मी चुकीचा धरला होता. वजन निम्म्यावर येतंय. कळवायला हवं."

"तुला कुणी विचारलंय? कोण जातंय तिथे तपासायला? गप्प बस की."

तो जेवला, रेवाबरोबर जुने फोटो बघितले, निघताना स्वयंपाकघरात जरा घुटमळला. मला वाटलं, पटलं त्याला. पुढे फोनवर तो विषय ना मी काढला, ना त्याने.

परवा सहकारी त्याचं सामान घेऊन आले. म्हणाले, भाऊबीजेच्याच आठवड्यात अविने आपली चूक स्वतःहून छापायला पाठवली. काही जण हसले, काहींनी बोलणं टाकलं. "तुम्हाला सांगितलं असेलच त्याने." मी मान डोलावली, धडधडीत खोटी. घरी येऊन सांगायची सोयच मी ठेवली नव्हती त्याला.

काल रंगारी आला. "भाभी, ये लाइनें घिस दूँ?" त्याने चौकटीवर बोट ठेवलं. मी चष्मा लावून वाकले. २००३ची रेघ बारीक काट मारून खोडली होती. शेजारी अविचं मुंगीएवढं अक्षर: 'दुरुस्ती. रेवाच्या पायात नवे सँडल होते, आज फोटोत दिसले. दोन सेंटिमीटर कमी.' खाली २००६च्या त्या शेवटच्या भाऊबीजेची तारीख.

"रहने दो, भैया," मी म्हटलं. तो हॉलमध्ये गेल्यावर रेवाची पेन्सिल घेतली आणि त्याच्या अक्षराखाली लिहिलं, 'बरोबर केलंस, अवि.' हे त्याच दिवशी, तो इथे उभा असताना, म्हणायला हवं होतं.