बिंबलपूरची मालकीण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आक्काच्या मुलीला तर नाहीच. आणि ऐकाल तेव्हा आधी तुम्हाला हसूच येईल – पन्नाशी ओलांडलेली बाई, आणि मोबाइलवरच्या खेळातलं काहीतरी घेऊन बसलीय. हसा. मीही बरेच दिवस स्वतःची तशीच समजूत घालत होते. खेळच तर आहे.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न होऊन पेडण्यात गेली, पार तेरेखोलच्या बाजूला. मी डिचोलीत, एका शाळेच्या ऑफिसात. भावजींना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, आणि आक्काचं घराबाहेर पडणं संपलं. मुलगी पणजीत नोकरीला. दिवसभर घरात दोघंच, त्यातल्या एकाला बोलता येत नाही. म्हणून मीच तिच्या मोबाइलवर तो खेळ घालून दिला. शहर बांधायचा. एवढं एक चांगलं केलं होतं मी.

खेळ असा – ज्याचं त्याचं आपलं शहर. घरं, रस्ते, बाजार आपले आपण बांधायचे. पण धरण, मोठं देऊळ, दीपस्तंभ असलं काही उभं करायचं तर एकट्याचे पॉइंट पुरत नाहीत, दुसऱ्यांनी घालावे लागतात. सगळ्यात जास्त घालील त्याला पहिली जागा, आणि पहिल्या जागेला घातल्यापेक्षा कितीतरी जास्त परत मिळतं. आम्ही खेळणाऱ्यांचं एक मंडळ होतं, त्यात ही पहिली जागा पाळीनं द्यायचे. ज्याचं बांधकाम त्या मालकानं आधी आपले पॉइंट भरायचे, ग्रुपवर कळवायचं, मग ज्याची पाळी त्यानं आपले घालायचे. मालकाचं भरून झालंय आणि पाळीवाला अजून आलेला नाही – या मधल्या फटीत बाहेरचा कुणी घुसला तर जागा त्याची. याला आम्ही ‘जागा मारणं’ म्हणायचो. सगळा कारभार विश्वासावर. फट कधी उघडते हे मंडळातल्यांनाच ठाऊक.

मंडळ चालवायचे बेळगावचे अण्णा, बांधकामाची कामं घेणारे. मी तिथे ‘डिचोलीवाली’. आक्काला घेतलं तेव्हा मी तिला बजावलं होतं – आपण बहिणी आहोत हे बोलू नकोस, लोक म्हणतील एकमेकींचं बघतात. खरं कारण? खरं कारण असं, की लहानपणापासून जिथे जाईन तिथे मी ‘तिची धाकटी’ होते. इथे मला नुसती मी असायचं होतं.

पण वर्षभरात काय झालं? सगळं मंडळ तिला आक्का म्हणायला लागलं. वैशाली नावाची कोल्हापूरकडची एक मुलगी होती, नवरा इथल्याच कारखान्यात. ती लिहायची, “आक्का, तुमच्या शहरात एक खोली द्या की, सासूबाई आल्यात.” आणि आक्का, “ये गो, पण सासूलाही घेऊन ये. धरणावर दगड वाहायला माणसं कमी पडतायत.” सगळे हसायचे. मी नाही हसायचे. आक्का ही माझी हाक होती – ती या परक्यांनी का वापरावी? असं वाटायचं मला. या वयात.

मग अण्णांचं धरण आलं. पहिल्या जागेची पाळी माझी होती. आक्कानं ग्रुपवर लिहिलं, वैशाली मागे पडलीय, या वेळी तिला देऊया, डिचोलीवाली काही म्हणायची नाही. सगळे हो म्हणाले. मीही हो लिहिलं. वैशालीनं कित्येक दिवस पॉइंट साठवले त्यासाठी.

आणि मी नवऱ्याच्या जुन्या मोबाइलवर दुसरं शहर काढलं. कुणाला न सांगता, गुपचूप पोसलं. अण्णांनी धरणात आपले पॉइंट भरून ग्रुपवर कळवलं तेव्हा वैशाली चपात्या लाटत होती, तसं तिनं लिहिलंही – “हात धुऊन आलेच.” ती हात धुऊन येईपर्यंत मी जागा मारली.

त्या शहराला नाव द्यावं लागतं. मी दिलं होतं – बिंबलपूर. आमच्या माहेरी परसात बिंबलांचं झाड होतं, आंबट फळांचं. त्याखाली करवंट्या नि काड्यापेट्यांची गावं मांडायचो आम्ही दोघी. त्या गावाचं हे नाव. हातातून आपसूक उतरलं, विचार केलाच नाही. आक्कानं कधीतरी ग्रुपवर याच गावाची आठवण सांगितली होती, ती मी वाचलेली नव्हती. मंडळातल्यांनी वाचली होती.

अण्णांनी सगळ्यांदेखत विचारलं, “आक्का, बिंबलपूर तुमचंच न्हवं?”

मी मोबाइल हातात धरून बसले होते. तिला माझं नाव लिहायला कितीसा वेळ लागला असता? ते गाव मांडणारी दोनच माणसं होती जगात, त्यातली एक ती. तिला त्याच क्षणी कळलं असणार. मग आलं – “होय. चुकलं माझं.”

वैशालीनं लिहिलं, “आक्का, तुम्ही?” बाकीच्यांनी बरंच काही लिहिलं. बोलायचं एक, करायचं एक. खुर्चीत बसल्या बसल्या चोरी. मी काय लिहिलं? काहीच नाही. अण्णांनी तिला काढलं तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ती म्हणाली, “आयतवारी येतलीस मगो बाय? येताना उंडे हाड, भावजींक जाय.” एवढंच. रविवारी मी उंडे, ते बेकरीतले गोल पाव, घेऊन गेले. तिनं चहा केला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. झाल्या प्रकारावर अक्षर नाही. त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही.

खेळ तिनं पुन्हा उघडला नाही. दुपारी भावजींना जेवू घातलं की खिडकीशी बसून राहायची. पण मी गेले की हळूच विचारायची – वैशालीचं देऊळ झालं? अण्णांनी धरण पुरं केलं? तो शिरगावचा मास्तर अजून रस्ते वाकडेच बांधतो? आणि मी सांगायचे. तिच्या माणसांची खबर तिला माझ्याकडून घ्यावी लागायची, माझ्याकडून – आणि ती इतकं कान देऊन ऐकायची. कितीदा तोंडाशी आलं. कितीदा गिळलं. मोबाइल फेकून देऊन मीही बाहेर पडू शकले असते, तेवढंही केलं नाही. डिचोलीवाली म्हणून खेळतच राहिले.

यंदा आक्का गेली. झोपेतच.

दर गणेशचतुर्थीला ती अण्णांना शुभेच्छा पाठवायची म्हणे. त्यांनीही उत्तर देणं सोडलं नव्हतं. हे मला माहीत नव्हतं. भाचीनं आक्काच्या मोबाइलवरून त्यांना कळवलं, आणि पेडण्यात काम चालू होतं म्हणून अण्णा भेटायला आले. मी त्यांना प्रथमच पाहत होते. पांढरे केस, हातात केळ्यांचा घड. मी म्हटलं, मी धाकटी बहीण. डिचोलीवाली मीच, हे नाही म्हटलं.

“लई माया होती बघा त्यांची,” ते म्हणाले. “एकदाच काय ते हातून चुकलं त्यांच्या. खेळातलंच. पण आम्ही मनात काय ठेवलं न्हाई. कवाच माफ केलं.”

दार उघडं होतं. भाची होती, भावजी समोर खुर्चीत होते. बोलायचं तर तेव्हा बोलायचं होतं.

मी म्हटलं, “तुमचं मन मोठं.”

भावजींनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिले.

मी अण्णांना विचारलं, चहात साखर चालते ना.