दोन प्लगांची वायर

आमच्या जावयाने इन्व्हर्टर जाळला नाही. तो मी जाळला.

हे वाक्य लिहायला मला आठ वर्षे लागली. इन्व्हर्टर जळायला एक सेकंदही लागला नव्हता!

आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे गुन्हा केवढा ते कळेल. माजरीच्या कोळसा खाणीत मी चौतीस वर्षे इलेक्ट्रिशियन होतो. वायर नुसती लांबून पाहून तिची जाडी सांगायची, ही माझी ख्याती. (ख्याती मीच पसरवली होती, पण खोटी नव्हती.) निवृत्त झाल्यावर मी भंगारात निघालेली शाळेची मिनीबस घेतली आणि दीड वर्ष खपून तिचं घर केलं. घडीचे पलंग, गॅसचा ओटा, छोटा फ्रिज, खिडकीत एसी! सीटखाली दोन बॅटऱ्या, वर इन्व्हर्टर आणि मागे लोखंडी पिंजऱ्यात पेटीएवढा पेट्रोलचा जनरेटर. भद्रावतीपासून चंद्रपूरपर्यंत असं चालतं घर दुसरं नव्हतं. आजही नाही. छाती फुगते, काय करू!

गाडीचा नियमही मीच केला होता. जनरेटरने फक्त बॅटऱ्या चार्ज करायच्या आणि बाकी सगळं इन्व्हर्टरवर चालवायचं. दोघांची वीज एका तारेत कधीही आणायची नाही. हा नियम पाटीवर रंगवून मी इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठोकला होता. अक्षर फार सुंदर आलं होतं.

पहिली सफर लेकीच्या सासरी, मूल शहराच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या गावी. जावई सुधीर तिथल्या शाळेत मास्तर. माणूस मवाळ, हात मऊ. याला बल्ब तरी बदलता येत असेल का, असं मला नेहमी वाटे. त्याच्या बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. भर मे महिना, भर दुपार, मांडवात माणसं घामाने निथळत होती. अशा वेळी ईवाई, म्हणजे माझे व्याही, सुधीरचे वडील, गाडीभोवती फेरी मारून म्हणाले, "काय जी ईवाई, हा डब्बा आतून थंडा होते म्हंता?"

"बसून तर बघा. स्वेटर मागाल!"

सात वडीलधारी माणसं आत बसली. नवरदेवाच्या आजीला मी मानाने एसीसमोर बसवलं. दार बंद, खिडक्या बंद. एसी लावला. इन्व्हर्टरने 'टूं टूं टूं' केलं आणि लोड जास्त झाला म्हणून डोळे मिटले. (घरी मी एसी तपासला होता तो भिंतीतल्या लाईनवर. हे कोणालाच माहीत नव्हतं.) मग एसी सरळ जनरेटरवर टाकला. कॉम्प्रेसर सुरू होताच जनरेटरने ढेकर दिली आणि तोही बंद. तीनदा दोरी ओढली. तीनदा ढेकर!

आतून ईवाईंचा आवाज आला, "स्वेटर कवा देता जी? इथी आमी शिजून राह्यलो!"

चौतीस वर्षांची अब्रू त्या बंद डब्यात उकडत होती. आणि मला युक्ती सुचली. एका बैलाने ओढवत नाही ना? मग दोन जुंपू! जनरेटर आणि इन्व्हर्टर, दोघांनी मिळून एसी ओढायचा. पाटी डोळ्यांसमोर येत होती, म्हणून मी तिच्यावर माझा शर्ट टांगला.

मग हत्यारांच्या पेटीतून बारा हात काळी जाड वायर काढली आणि तिच्या दोन्ही टोकांना प्लग बसवले. असली वायर खाणीत कोणी केली असती, तर मी त्याला तिथल्या तिथे बाहेर काढलं असतं. एक टोक लावलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांत करंट!

बायको शकुंतला दारात उभी होती. "अजी, हे काय करून राह्यले तुमी?"

"तुला नाही कळायचं."

एक प्लग जनरेटरमध्ये, दुसरा इन्व्हर्टरच्या बोर्डात. दोरी ओढायला मी बाहेर हवा होतो, म्हणून जावयाला आत उभं केलं. "मास्तर, मी हाक मारली की इन्व्हर्टरचं ते लाल बटण दाबा."

सुधीरने शर्ट हळूच उचलला. "पण बाबा, पाटीवर तर..."

"पाटी मी लिहिली की तुम्ही?"

त्याने शर्ट खाली सोडला. मी दोरी ओढली, हाक मारली, त्याने बटण दाबलं.

धडाम!

एक बैल मूलकडे ओढत होता, दुसरा चंद्रपूरकडे, आणि मध्ये सापडला इन्व्हर्टर. धूर असा निघाला की मांडवातले आचारी धावत आले. सात वडीलधारी माणसं एका दारातून एकाच वेळी बाहेर पडली. (दार मीच बनवलं होतं. एकाच माणसाच्या मापाचं!) ईवाईंची टोपी, चपला आणि अर्धा आलूबोंडा आतच राहिला. शेवटी आजी सावकाश उतरली आणि म्हणाली, "बार चांगला होता. लग्नातबी हाच आणजा."

"बटन कोनं दाबलं?" ईवाई ओरडले.

तोवर मी वायर उपटून शेजारच्या तणसीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात भिरकावली होती. "मास्तरांनी," मी म्हणालो. हे खरं होतं. म्हणूनच ते इतकं वाईट होतं.

सुधीरने माझ्याकडे एकदा पाहिलं. "हो. माझ्याच हातून झालं."

तेव्हापासून गावात तो 'बारवाले मास्तर'. कुठे पंखा लावायला उठला की कोणीतरी ओरडणार, "मास्तर, बटनापासून दूर!" सगळे हसत. मीही हसायचो. हळू, पण हसायचो.

यंदा त्याच्या शाळेला छपरावरचे सोलर आणि बॅटऱ्या मिळाल्या. ते सांभाळायला एक जबाबदार माणूस हवा होता. सुधीरने महिनोन्महिने पुस्तकं वाचून, वर्गावर्गात मोजमापं घेऊन नकाशे काढले होते. शाळेच्या आवारात ग्रामसभा भरली. मी आणि शकुंतला तिथेच मुक्कामाला होतो. सुधीरचं नाव निघताच मागून एक जण उठला, "मास्तरले नको भाऊ! सासऱ्याची गाडी उडवली त्यानं, आता शाळा उडवंल!"

सभा खदखदून हसली. सुधीरने नकाशांची घडी घातली. ज्या शांतपणे त्याने माझ्या पाटीवर शर्ट सोडला होता, त्याच शांतपणे.

मी उभा राहिलो. "बटण त्यांनी दाबलं. पण बार मी भरला होता." आणि वायर, शर्ट, पाटी, तणसीचा ढीग, सगळं सांगून टाकलं.

ईवाई उठले, टोपी नीट केली. "म्हंजे ईवाई, आठ वर्सं आमी आमच्याच पोराले हासून राह्यलो?" मग सचिवाकडे वळले. "ठराव लिवा. बॅटरीच्या खोलीची चाबी मास्तरले द्या. अन् आमच्या ईवाईले त्या खोलीत पाय ठेवू देऊ नका!"

ठराव एकमताने मंजूर झाला. माझाही हात वर होता.

महिन्याभरात सुधीरने काम पुरं केलं. मी खिडकीतून पाहिलं (आत बंदी आहे). एकेक तार ओळीत, एकही जोड उघडा नाही, भिंतीवर नियमांची पाटी. माझ्याहून सुंदर अक्षर! शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला मी म्हणालो, "आमचे जावई आहेत." छाती गाडीच्या वेळेपेक्षा जास्त फुगली.

परतताना मी शकुंतलेला म्हटलं, "मी कबूल केलं म्हणून कळलं. नाहीतर पुरावा तर तणसीतच कुजला असता."

"कुठी कुजते? मी तवाच उचलून आनली. बारा हात चांगली वायर फेकते काऊन कोनी? मास्तरले दाखवलीबी होती. ते म्हनाले, राहू द्या आई, बाबांचं नाव मोठं आहे."

मी विचारलं, "मग ती वायर आहे कुठे?"

"आंगनात. कपडे वाळू घालतो नाई का आपन?"

घरी पोचताच आधी अंगणात गेलो. काळी, जाड, बारा हात. लांबून वायरीची जाडी सांगणारा मी आठ वर्षे रोज सकाळी तिच्यावर माझं बनियन वाळत घालत होतो. आणि तोंड धुताना, टोकाला लोंबणाऱ्या प्लगला खुंटी समजून, त्याच्या पिनांना माझा चष्मा अडकवत होतो!