आयकराचे दिघोरे सर

करडीच्या ढीवर वस्तीतला मोतीलाल दिघोरे कायद्याचा प्राध्यापक झाला, आणि तोही आयकराचा, याचं गावाला मोठं नवल वाटायचं. आयकर भरायची पाळी त्या वस्तीत कुणावर कधी आलीच नव्हती. वडील मंगरू तळ्यात जाळं टाकायचे. मोतीलाल नागपूरला शिकत असतानाच ते वारले. मग आई गुणाबाईनं डोक्यावर मासळीची टोपली घेऊन बाजार केले आणि त्याचं शिक्षण पुरं केलं.

एकाहत्तर साली भंडाऱ्यात संध्याकाळच्या लॉ कॉलेजात त्याला नोकरी लागली. आयकर हा विषय कुणालाच नको होता, म्हणून तो नव्या माणसाच्या गळ्यात पडला. मोतीलालला मात्र तो आवडला. हळूहळू त्याचं शिकवणं असं रंगू लागलं की लाखनीचे दुकानदारही दिवसभर गल्ल्यावर बसून संध्याकाळी एसटीनं वर्गाला येत. एकत्र हिंदू कुटुंबावरचा कर, या विषयावर त्यानं पीएच.डी.चं काम धरलं. बायको चंद्रकांता म्हणायची, "एवढं लिहून राहिले, एकदा मलेही सोपं करून सांगा." तो म्हणायचा, सांगीन.

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात तिला ताप आला. नागपूरला नेईपर्यंत तो डोक्यात गेला होता; ती वाचली नाही. पदरी मूल नव्हतं.

तेरवी आटोपली आणि मोतीलाल वर्गात आला. जिथं थांबला होता तिथूनच पुढं शिकवू लागला. लोक म्हणाले, सर खंबीर आहेत. तसलं काही नव्हतं. त्याला काही वाटतच नव्हतं. गुणाबाई गाव सोडून त्याच्याजवळ राहायला आली. एके दिवशी तिनं त्याच्या आवडीचे झिंगे केले. तो ताट साफ करून उठला.

"कसे झाले?"

"चांगले झाले, माय."

गुणाबाई नंतर जेवायला बसली, तर झिंग्यात मीठच नव्हतं. तिनं आपल्या ताटात मीठ घेतलं.

पीएच.डी. मिळाली. कॉलेजनं शाल दिली, भाषणं झाली. तो आभार मानून खाली बसला.

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. वर्गात कुटुंबाच्या कराचा धडा चालला होता. गोपीचंद म्हणून लाखनीचा धान्य-व्यापारी होता, वयानं सरांहून मोठा. तो उभा राहिला.

"सर, समजा बायको वारली. लेकरू नाही. घरात नुस्ती विधवा माय हाय. मंग ते कुटुंब म्हणाचं, का एकटा माणूस?"

पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागं वळून गोपीचंदकडं पाहिलं. मोतीलालनं खडू उचलला.

"मालमत्ता वाडवडिलांची असेल तर कुटुंबच. कायदा आईला धरतो." आणि त्यानं ते फळ्यावर लिहिलं.

तास सुटल्यावर गोपीचंद व्हरांड्यात हात जोडून उभा. "माह्या ध्यानातच नाही आलं, सर. माफ करजा."

"काहून? प्रश्न बरोबर होता."

घरी जाताना मोतीलाल आत कुठं दुखतंय का ते पाहत चालला. कुठंच दुखत नव्हतं. त्याचीच त्याला थोडी भीती वाटली.

त्र्याऐंशीत नागपूरला विद्यापीठाच्या विभागात जागा निघाली आणि त्याची निवड झाली. त्यानं ते आईला सांगितलं.

"तुले काय वाटते?" तिनं विचारलं.

"काही नाही वाटत."

गुणाबाई तांदूळ निवडत होती. तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "इथंबी नाही वाटत, तिथंबी नाही वाटणार. मंग जा. पगार तरी वाढंल. पण मले संगं घेऊन चाल. मीठ कोण पाहीन?"

मोतीलालला मिठाचं काही कळलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

नागपुरात पुढं तो विभागप्रमुख झाला, त्याचे विद्यार्थी मोठे वकील झाले. पण ते नंतर. त्या दिवशी दोघं दोन ट्रंका घेऊन दुपारच्या एसटीत बसले. शहापूर मागं पडलं तशी गुणाबाईला डुलकी लागली आणि तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं. खांदा अवघडला, हाताला मुंग्या आल्या. नागपूर येईपर्यंत त्यानं तो हलवला नाही.