आधी काम, मंग घास

“आधी काम, मंग घास.” मूठ छातीशी घट्ट धरून आमची शेजारीण हे म्हणायची आणि तिचा कुत्रा भुऱ्या त्या मुठीकडे टक लावून बसायचा. सगळी आळी तिला वहिनी म्हणायची, म्हणून मीही. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण दारात कुत्रं येऊन बसलं की मला अजून ती मूठ दिसते.

बहात्तरचा दुष्काळ. तिचा नवरा कोयता घेऊन पाटाकडच्या गावांना ऊस तोडायला गेलेला. आम्ही सगळ्या बायका दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायला. तिच्या घरी राहायची एकटी सासू, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. वहिनी तिला आत्याबाई म्हणायची. घरामागे आटलेली खोल विहीर, कठडा नाही काही नाही. बैल कधीच घोडेगावच्या बाजारात विकलेले, पण म्हातारी ते विसरायची. दुपार कलली की काठी टेकत विहिरीकडे निघायची, “बैलास्नी पानी दावून येते” म्हणत. एकदा मी तापामुळे घरी होते, म्हणून काठावरून तिला ओढून तरी आणली.

“खाटंला बांधून जात जा म्हातारीला,” कुणीतरी वहिनीला सुचवलं. बाई अशी उसळली!

“आत्याबाई म्हंजी काय दावणीचं जनावर हाय?”

कामावर सुकडी मिळायची, गोड भाजलेलं पीठ. आपल्यातली अर्धी ती पदराच्या गाठीत बांधून आणायला लागली. संध्याकाळी डोळे मिटायची, सासूची काठी घ्यायची आणि विहिरीकडे चालायची. भुऱ्या उड्या मारायचा, पदर ओढायचा. सुकडीची मूठ बंद. एकदा कंटाळून तो तिच्या पायांपुढे आडवा पसरला, आणि मूठ झटकन उघडली! हळूहळू त्याला उमगलं. आम्ही कुंपणापलीकडून हसून हसून बेजार. माणसांना खायला नाही आणि ही कुत्र्याची शाळा भरवतेय!

पण घोडं अडलं म्हातारीपाशी. पहिला घास भुऱ्याला टाकल्याशिवाय ती जेवायची नाही. पोट भरलेलं कुत्रं कशाला कुणाचं ऐकतंय?

“आत्याबाई, त्याला असं फुकट घालू नगा.”

“दारातला मुका जीव उपाशी ठेवून माज्या घशाखाली उतरत न्हाई, बाई. मरायच्या वक्ताला सवय मोडू व्हय?”

वहिनी वाद घालत बसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सुकडीची गाठ सासूच्याच पदराला मारली. “तुमचा घास तुमीच द्या. पर त्यो पायात आडवा आला का मंगच.”

आणि काय सांगू तुम्हाला! म्हातारी निघायची, भुऱ्या आडवा पडायचा, ती थबकून खाली बसायची. गाठ सोडून त्याला भरवायची, त्याच्याशी बोलत राहायची. तेवढ्यात तिला वाटायचं, आलेलं काम झालं. “चल रं, प्याले बैल,” म्हणून ती घराकडे वळायची आणि मगच भुऱ्या उठून तिच्यामागून चालायचा.

तरी वहिनीचं समाधान नव्हतं. मला हाक मारून म्हणाली, “माजं डोळं बांध.”

“येडी का खुळी तू!”

“आत्याबाईस्नी ज्याच्या भरवशावर सोडायचं, त्याच्या भरवशावर आधी म्या चालून बघाया नगं? आन वरडू नगंस.”

मी फडकं बांधलं. ती सरळ विहिरीकडे चालत निघाली. एकदाही चाचपडली नाही. काठाजवळ आली तरी कुत्र्याचा पत्ता नाही. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. आणि भुऱ्या कुठून तरी सुसाट आला, तिच्या पायांत आडवा पडला. ती शांतपणे बसली, त्याचं डोकं चाचपलं, घास दिला. माझ्या अंगावर काटा आला, तो आजही येतो. बाई गं, काय काळीज म्हणायचं हे!

तिच्या सासूला विहिरीनं नेलं नाही. पुढं पाऊसपाणी झालं, विहीर भरली, आणि एके दिवशी म्हातारी झोपेतच गेली. मसणवटा ओढ्याकाठी, तिकडची वाट विहिरीवरूनच. तिरडी उचलली, चार पावलं गेली, आणि भुऱ्या वाटेत आडवा.

“हाड! हाड!” खांदेकरी ओरडले. एकानं काठी उगारली.

“मारू नगा त्याला,” वहिनी पुढं झाली. “त्याचं काम करतोय त्यो.”

तिनं भाकरीचा तुकडा दिला. त्यानं खाल्ला, पण उठला नाही. म्हातारी घराकडे वळल्याशिवाय तो कधी उठलाच नव्हता. त्याला ओलांडायला कुणी धजेना.

वहिनी घरात गेली, कोपऱ्यातली सासूची काठी घेऊन आली. डोळे मिटले, पाठीतून वाकली आणि काठी टेकत घराकडे वळली.

“चल रं,” ती म्हणाली, “प्याले बैल.”

भुऱ्या उठला आणि तिच्यामागून निघाला. तिरडी पुढं गेली. वहिनीनं मागं वळून पाहिलं नाही, डोळेही उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती काठी टेकत दारापर्यंत तशीच चालत गेली.