दाजींच्या जीपमधली दहा इंची पेटी

आमच्या लहानूला आवाजातलं काही कळत नव्हतं असं कोणी म्हणालं, तर मी आजही भांडायला उठेन. पण त्याला आवाज नीट ऐकू येत नव्हता, हे मात्र खरं. आणि दुकान कशाचं, तर गाड्यांत टेप आणि स्पीकर बसवायचं! शेजारी माझं सीट कव्हरचं दुकान, म्हणून मला ठाऊक. बाकी अख्ख्या भिवंडीत हे फक्त त्याच्या बायकोला, बकुळावहिनीला माहीत होतं.

लहानू मूळचा खारबावचा. ऐंशीच्या सुमाराला नारपोलीत लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर लागला आणि पुढे जॉबर झाला, म्हणजे बिघडलेले लूम ठीक करणारा. एका शेडमध्ये चाळीस लूम धडधडत असायचे. तिथे बोलायचं ते नुसत्या ओठांनी, आणि बिघाड शोधायचा तो तळव्याने. चालू लूमच्या फ्रेमवर हात ठेवला की कुठला नट ढिला झालाय ते लहानू सांगायचा. दहा वर्षांत हात तयार झाला आणि कान गेले. ढोल ऐकू यायचा, पण बारीक आवाज त्याच्या लेखी संपले. एक्क्याण्णव साली त्याने लूम सोडून हे दुकान टाकलं.

गिऱ्हाईक समोर उभं असलं की तो ओठ वाचायचा. पाठ करून बोललं की पंचाईत. म्हणून बकुळावहिनी शटर उघडल्यापासून बंद होईपर्यंत स्टुलावर बसायची आणि गिऱ्हाइकाचं बोलणं आवाज न करता, फक्त ओठांनी त्याला सांगायची. मला हे नाटक बघवायचं नाही. एकदाचं सांगून मोकळा हो, असं मी त्याला दहादा म्हटलं. त्याचं उत्तर ठरलेलं. बहिऱ्याकडून स्पीकर कोण बसवून घेणार? दुकान बंद पडलं तर मी परत लूमवर जाऊ का?

शहाण्णव साली दाजी नवीकोरी जीप घेऊन आले. दाजी म्हणजे खाडीकडचे जमीनवाले, त्यांच्या शब्दावर दहा गाड्या आमच्या दारात येतील असा माणूस. बंद बॉडीची जीप, मागे जागा बेताची, आणि दाजींना हवे होते बारा इंची दोन सबवूफर, ढोलाचा दणका देणारे मोठे स्पीकर. तेही हवा बाहेर पडायला भोक ठेवलेल्या मोठ्या पेटीत, कारण मेव्हण्याच्या गाडीत तसेच होते. लहानूने मान हलवली. एवढ्याशा जागेत दोन बारा इंची नुसता गोंगाट करतील, दहा इंची एकच पुरे, तोही चहूबाजूंनी बंद पेटीत, असं तो म्हणाला. भोकाच्या पेटीचा दणका मोठा, पण तो लांबत राहतो. बंद पेटीत ढोलावर टिपरी पडली की पडली, तिथेच संपली. दाजींना पटलं नव्हतं. पण बघू तुझी अक्कल, म्हणाले आणि गाडी ठेवून गेले.

पेटी त्याने जाड प्लायची केली. आतून आडवी पट्टी ठोकली, सगळे सांधे गोंद आणि लाकडाच्या भुशाने बुजवले. मी वरून काळं कार्पेट चढवलं. लहानूचं म्हणणं, थरथरणारा लूम आजारी, तशीच थरथरणारी पेटी आजारी. हवा हलली पाहिजे, लाकूड नाही.

दाजी दोन माणसं घेऊन आले तेव्हा नेमकी वहिनी नळावर पाणी भरायला गेली होती. टेप लावला. ढोल असा छातीत वाजला की दाजी खूश झाले. आणि मग किरकिर सुरू झाली. पत्र्यावर नख ओढावं तशी. दाजींच्या कपाळाला आठी पडली. हे काय किरकिरतंय, असं त्यांनी विचारलं. लहानूने पेटीवर तळवा ठेवला, पेटी दगडासारखी गप्प. जॉबरची जुनी खोड, हाताला लागलं नाही म्हणजे बिघाड नाही. तो ठामपणे म्हणाला, "कुठे काय? काहीच आवाज नाही."

रस्त्यावरच्या भेळवाल्यालासुद्धा ती किरकिर ऐकू येत होती. दाजींनी त्याच्या तोंडाकडे रोखून बघितलं. मग हळूच म्हणाले, "लहानू, तुला ऐकू येतं का न्हाय रं?"

तेवढ्यात वहिनी हंडा घेऊन आली. तिने काय ते ओळखलं आणि घाईघाईने त्याच्या वतीने बोलायला लागली. लहानूने हात वर करून तिला थांबवलं.

"नाही येत, दाजी. लूमवर कान गेले. टेप बंद करू नका, दोन मिनिटं द्या."

तो गाडीभोवती फिरला. दार, काच, स्टेपनी, सगळीकडे तळवा टेकवत गेला. मागच्या नंबर प्लेटवर हात ठेवला आणि किरकिर थांबली. उचलला, सुरू झाली. प्लेट एकाच स्क्रूवर लटकत होती. त्याने मागे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, दोन स्क्रू आवळले आणि आमच्या तोंडांकडे बघत उभा राहिला. थांबली का, ते आमच्याकडूनच त्याला कळायचं होतं. मी मान डोलावली.

दाजींनी तीच कॅसेट पहिल्यापासून लावली आणि शेवटपर्यंत ऐकली. मग मुद्दाम लहानूच्या समोर येऊन म्हणाले, "कान असलेले आम्ही सगळे पेटीकडं बघत व्हतो. मेव्हण्याची गाडी सोमवारी पाठवतो. त्याची भोकाची पेटी काढून टाक."

गाडी गेली. मला इतकं हलकं वाटलं की मी दोघांना शिव्याच घातल्या. पाच वर्षं कशाला जीव टांगणीला लावलात, म्हणालो. लहानू गालातल्या गालात हसत होता. वहिनी मात्र हसली नाही. ती त्याच्या समोर गेली आणि आवाज न करता काहीतरी म्हणाली. मी विचारलं तेव्हा लहानूने सांगितलं, "विचारते, मग उद्या आईकडे जाऊ का?"

तिचं माहेर वज्रेश्वरी, बसने तासाभराची वाट. पाच वर्षांत ती तिथे एक रात्र राहिली नव्हती. दुकानात त्याचे कान कोण होणार?

"चार दिवस राहा," लहानू म्हणाला. "गिऱ्हाइकाला मी सांगेन, समोर येऊन बोला."

सकाळी मीच तिची पिशवी घेऊन स्टँडवर गेलो. कंडक्टर अजून चहा पीत होता. खिडकीतून पिशवी देताना मी हाक मारली, पण वहिनी गजाला डोकं टेकून गाढ झोपली होती.