सात नंबरचं टोकन

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. लिहिताना चुकलो तर सांभाळून घ्या. करणी, नजर, भूतबीत... आमच्या घरात असलं बोललेलंही चालत नसे, आणि मीही कधी मानलं नाही. आजही मानतो असं म्हणणार नाही. पण हे माझ्या हातून झालंय, आणि तीन महिने झाले, नीट जेवण जात नाही. म्हणून लिहितोय.

मी कतारला हमद पोर्टच्या बाजूला एका गोदामात कामाला आहे. गाव रत्नागिरी जिल्ह्यात. मला इथे आणलं इकबालमामांनी. सख्खे मामा नव्हेत, शेजारच्या गावचे. पण बाप गेल्यावर ज्यानं व्हिसा काढून दिला, पहिल्या थंडीत स्वतःचं ब्लँकेट माझ्या अंगावर घातलं, तो मामाच. ते फोर्कलिफ्ट चालवायचे. बावीस वर्षं सिमेंटच्या धुळीत गेली आणि खोकला मागे लागला. "आपल्या खोलीत माणसं आठ, आणि माजा खोकला धरला तर नऊ," असं ते स्वतःच म्हणायचे.

आता तो क्लब. अल गराफाला राहणाऱ्या नाशिकच्या एका ताईंनी फोनवर ग्रुप काढला होता — 'निळा दिवा'. हा एक नाईटक्लब, पण खोटा. कुठेच नाही. इथल्या मराठी लोकांनी मिळून, लिहून लिहून तो चालवायचा. ताई मालकीण, कोणी ड्रम वाजवणारा, कोणी नुसतं रुसून कोपऱ्यात बसणारं गिऱ्हाईक. नाव नाईटक्लब, पण भरायचा शुक्रवारी दुपारी दोन ते चार, कारण सगळ्यांना सुट्टी तेव्हाच. आणि बारमध्ये मिळायचं काय, तर कोकम सरबत. ऑफिसमधल्या क्लार्कनं मला त्यात घातलं. मी खरा नाईटक्लब बाहेरूनही पाहिलेला नाही, तरी ताईंनी मला दारावर बसवलं. माझं लिहिणं त्यांनी सुधारलं, एकदाही हसल्या नाहीत. हे उपकार विसरणार नाही.

दारावरचं काम असं — येणाऱ्यानं एक वस्तू काउंटरवर ठेवायची, मी टोकन द्यायचं. जाताना टोकन घेऊन वस्तू परत. वस्तू काहीही चालायची. कोणी छत्री ठेवायचं, कोणी बॉसवरचा राग. पण नियम पक्के. वस्तू मागे ठेवून कोणी जायचं नाही, आणि मागितली की दारवानानं द्यायचीच. मी गोदामातला माणूस, एक खरीखुरी वही केली आणि सगळं त्यात लिहायला लागलो.

मामा उर्दू शाळेतले, त्यांना मराठी लिहिता येत नसे. ते बोलायचे आणि मी त्यांच्या फोनवरून लिहायचो, साफ मराठी करून. ते झाले क्लबचे गायक. पहिल्या शुक्रवारी मी विचारलं, काउंटरवर काय ठेवता? ते म्हणाले, "गायकानं खोकून कसं चालेल? खोकला ठेव माजा." मी लिहिलं — टोकन सात, खोकला.

गंमत म्हणजे... त्या दोन तासांत मामा खरंच खोकले नाहीत. चार वाजता मी 'वस्तू परत' लिहिलं आणि पाच मिनिटांत सुरू. दर शुक्रवारी हेच. समोरच्या पलंगावरचा नेपाळी बहादूर हसून म्हणायचा की तुमचा क्लब चोवीस तास चालू ठेवा. मला वाटायचं, मन रमतं, म्हणून थांबतो.

मग मामांचं कायमचं घरी जायचं ठरलं. इथल्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली होती — गावी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात छातीचा स्कॅन करा, टाळू नका. शेवटच्या शुक्रवारी चार वाजले, मामांनी वस्तू मागायला सांगितली. माझं मन भरून आलं होतं. मी म्हटलं, "राहू दे मामा इथेच. कशाला घेऊन जाता घरी?"

ते हसले. म्हणाले, "बरं, सांभाळ." आणि फोनही माझ्याकडेच दिला. तूच लिहितोस, तूच ठेव म्हणाले.

मामा घरी गेले ते खोकल्याशिवाय. विमानात नाही, घरी नाही. मुलगी नसरीन फोनवर सांगायची की अब्बा माडाखाली खुर्ची टाकून बसतात, भरती-ओहोटी बघतात. स्कॅनचं काय, विचारलं की मामा म्हणायचे, खोकलाच नाय तर फोटो कसला काढायचा? मी एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. मग मीही सोडलं. खरं सांगू, मला अभिमान वाटत होता.

असे अकरा शुक्रवार गेले. बाराव्या शुक्रवारी, दुपारी पावणेतीनला, मी पलंगावर बसून माझ्या फोनवर दार सांभाळत होतो. ग्रुपवर गायकाच्या नावानं मेसेज आला — "पोरा, माजी वस्तू मना दे."

'मना'. मी कधी तसं लिहिलं नव्हतं. मामा तसं बोलायचे.

उठून कपाट उघडलं. कुलूप लावलेलं होतं, किल्ली माझ्या गळ्यात. मामांचा फोन आत, कपड्यांखाली, कधीचा बंद पडलेला. इकडे ग्रुपवर सगळे खूश. ताईंनी लिहिलं, अरे वा, गायक परतले, द्या त्यांना सात नंबर. बहादूरनं विचारलं काय झालं. मी परत मेसेज उघडला. नाही म्हणायचं मनात आलं. पण नियम एकदा मीच मोडला होता. दुसऱ्याची वस्तू मी कोण ठेवणारा?

मी लिहिलं, "घ्या मामा. सांभाळून."

उत्तर आलं — "शुक्रन." अरबीत आभार. वस्तू घेताना ते नेहमी तेच म्हणायचे.

तासाभरानं नसरीनचा फोन आला. सव्वापाचला चहा घेता घेता अब्बांना खोकला लागला, थांबेचना, रुमाल रक्तानं भरला. आमच्याकडचे पावणेतीन म्हणजे गावचे सव्वापाच. रत्नागिरीला नेलं. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांपूर्वी आणायला हवं होतं, तेव्हा काहीतरी करता आलं असतं.

मामांचा फोन मी चार्ज करून पाहिला. ते दोन्ही मेसेज त्यात आहेत, पाठवलेले म्हणून. ताईंचे मिस्टर कॉम्प्युटरमधले, त्यांनी बघितलं. दुसऱ्या कुठल्या फोनवरून गेले असतील म्हणाले, पण तसं काही त्यांना सापडलं नाही. मी मामांना विचारलं, तुम्ही मागितलीत का? ते म्हणाले, "फोन तर तुज्याकडं हाय." मला ते कळत नाही, आणि कोणाला समजावताही येत नाही.

मामा अजून आहेत. डॉक्टरनं आता घरीच ठेवायला सांगितलंय. गेल्या शुक्रवारी नसरीनच्या फोनवरून त्यांनीच फोन केला. दोन शब्द बोलायला पाच वेळा थांबले.

"पोरा... काउंटरवर जागा हाय काय?"

"आहे मामा."

"मग ठेव परत."

मी फोन कानाला लावूनच वही काढली. पेन चालेना, झटकलं. मग लिहिलं, टोकन सात, खोकला. मोठ्यानं वाचूनही दाखवलं. ते "शुक्रन" म्हणाले.

मी फोन ठेवला नाही. किती वेळ ऐकत होतो कोण जाणे. पलीकडून खोकला येतच होता.