सुधाकरची संध्याकाळची लाईन

सुधाकरच्या घरून संध्याकाळी सातच्या सुमाराला फोन आला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या वेळेला त्याच्या घरातून कुणालाच फोन करता येत नसे. तळेगाव ढमढेऱ्यातल्या त्या घरात लाईन एकच, आणि शाळेतून आल्यावर ती नेटसाठी सुधाकरच्या कॉम्प्युटरला जोडलेली. मी दौंडहून नंबर फिरवायचा, एंगेज लागला की दोन शिव्या हासडायच्या आणि फोन ठेवायचा, हे नेहमीचं. त्या दिवशी मात्र त्याच वेळेला पलीकडून वहिनींचा आवाज... "भाऊजी, तुम्ही या." एवढंच. काय झालं म्हणून मी विचारलंही नाही. एसटीत बसल्यावर लक्षात आलं, पायात घरातल्याच चपला होत्या.

आम्ही दोघं बी.एड.पासूनचे सोबती. तो इतिहास शिकवायचा, मी गणित. आमचं कशावर पटलं नाही आणि एकमेकांवाचून करमलंही नाही. नव्वदच्या दशकात कधीतरी त्याच्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं होतं, "सर, समद्या लढाया गडावरच झाल्या का? आपल्याकडं कायच झालं न्हाई?" पुढच्या रविवारी हा माझ्याकडे तोंड पाडून आला. राज्याचा इतिहास पुस्तकात आहे, पण या पोरांच्या पायाखालचा कुठंच नाही, असं म्हणाला. मग स्कूटर घेऊन गावोगाव हिंडायला लागला. देवळं, बारवा, मिशनच्या जुन्या शाळेच्या पायऱ्या, जे दिसेल त्याचा फोटो. मी म्हणायचो, सुधा, याचं करणार काय? तो म्हणायचा, बघू.

दौंड स्टेशनजवळ पहिलं सायबर कॅफे निघालं आणि त्याला काय करायचं ते कळलं. परदेशातल्या कुठल्याशा ग्रंथालयाच्या साईटवर त्याला आपल्या भागाचा जुना नकाशा सापडला होता. चित्र वरून खाली, पट्टी पट्टीनं उतरत होतं. बऱ्याच वेळानं भीमा दिसली, आणि तिच्या काठावर बारीक अक्षरात वडगाव रासाई. सुधाकरच्या डोळ्यांत पाणी आलं. "आपलं वडगाव सातासमुद्रापार जपून ठेवलंय, आणि आपल्याच पोरांना ते बघायला मिळू नये?" मी त्याला चहा पाजून गाडीत बसवलं. घरी जाईपर्यंत त्याचं ठरलं होतं.

त्यानं नेटवरच्या फुकटातल्या जागेवर साईट काढली, शिरूर आणि दौंडच्या इतिहासाची, शाळांसाठी. तेव्हा मराठी टाईप केलं की दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन दिसायचे. म्हणून हा पठ्ठ्या प्रत्येक पान हातानं लिहायचा, फोटो चिकटवायचा, स्कॅन करायचा आणि चित्र म्हणून चढवायचा. त्यामुळे ती सगळी साईटच त्याच्या अक्षरात आहे. तिकडे पाटसच्या एका बाई त्याची पानं छापून वर्गात लावायच्या. हे कळलं तेव्हा तो आठवडाभर हवेत होता.

पण एका पानानं त्याचे डोळे उघडले. वडगाव रासाईच्या आप्पांच्या उसाच्या बांधावर शेंदूर लावलेला एक दगड आहे. आप्पांच्या घरचे पूर्वी मेंढरं घेऊन हिंडायचे, आता शेती करतात. सुधाकरनं दगडाचा फोटो चढवला आणि खाली लिहिलं, ही वीरगळ आहे, लढताना पडलेल्या माणसाची आठवण म्हणून उभी केलेली. कुणीतरी ते पान छापून गावात नेलं आणि आठ दिवसांत आप्पा थेट शाळेत. "गुरुजी, आमच्या देवाला तुमी मेलेला मानूस करून टाकला. आन् ते बी साऱ्या जगापुढं." सुधाकरनं त्याच संध्याकाळी पान उतरवलं. मी चिडलो. इतिहास काय लोकांना विचारून लिहायचा असतो का? तो म्हणाला, "ज्यांचा आहे त्यांना नको विचारायला?"

तेव्हापासून त्याची रीतच झाली. पान लिहायचं, त्या घरी जायचं, ओसरीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि ते हो म्हणाले तरच चढवायचं. बाकी सगळे हो म्हणाले, आप्पा काही केल्या म्हणेनात. सुधाकर पान नव्यानं लिहून न्यायचा, आप्पा ऐकून मान हलवायचे, आणि हा भाकरी खाऊन परत. अशी काही वर्षं गेली. शेवटी एक दिवस आप्पाच म्हणाले, "मेला म्हनून देव न्हाई, गुरुजी. मेंढरं राखली म्हनून देव. तसं ल्ह्या." सुधाकरनं तिथंच बसून तसं लिहिलं, वाचून दाखवलं. आप्पा म्हणाले, "हां. आता चढवा."

त्याच संध्याकाळी तो पान चढवायला बसला होता.

पुढचं मला वहिनींनी कितीतरी दिवसांनी सांगितलं. त्या चहा घेऊन गेल्या तर सुधाकरचं डोकं टेबलावर. हाक मारली, हलवलं. मग त्यांनी डॉक्टरांना फोन लावायला रिसीव्हर उचलला, तर कानात नुसती किरकिर. लाईन नेटला जोडलेली. "मला ते बंद करता येत न्हाई हो, भाऊजी..." त्या शेजारी धावत गेल्या. डॉक्टर म्हणाले, सगळं क्षणात संपलेलं होतं, फोन लागला असता तरी काही उपयोग नव्हता. वहिनींना ते पटलेलं नाही. मलाही रात्रंदिवस पटवून घ्यावं लागतं.

दिवसकार्य झाल्यावर मी कॅफेत जाऊन साईट उघडली. नवं पान उतरायला लागलं. आधी दगडाचं शेंदरी टोक, मग आप्पांचं पागोटं, मग सुधाकरचं अक्षर. 'मेंढरं वाचवताना हा माणूस इथे पडला, आणि त्याच्या माणसांनी त्याला...' इथून खाली सगळं करडं. रिसीव्हर उचलला तिथे लाईन तुटली होती. मी बसून राहिलो, पान पुढे सरकेल म्हणून. पासवर्ड फक्त सुधाकरला ठाऊक होता, त्यामुळे ते आता तसंच राहणार. ज्या एका वाक्यासाठी त्यानं एवढे हेलपाटे घातले, नेमकं तेच चढायचं राहिलं. मला कॅफेत सगळ्यांदेखत रडू फुटलं.

आप्पांना सांगायला मी वडगावला गेलो. त्यांचा देव पुन्हा नुसता मेलेला माणूस झाला होता, ते रागावणार हे धरूनच गेलो. त्यांनी बांधाकडे बघून दगडाला हात जोडले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. गुरुजींनी वाचलं हुतं, म्या ऐकलंय."

त्यानंतर एका संध्याकाळी, वहिनींची चौकशी करावी म्हणून मी तळेगावचा नंबर फिरवला. एंगेज. माझ्या तोंडून नेहमीची शिवी निघाली आणि क्षणभर, खरं सांगतो, क्षणभर मला वाटलं, बसलाय गडी. मग भानावर येऊन फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा एंगेज. तिसऱ्या दिवशीही तेच. रविवारी एसटी धरून गेलो. कॉम्प्युटरवर कापड टाकलेलं होतं. स्कॅनरच्या झाकणाखाली ते शेवटचं पान अजून तसंच होतं, वहिनी कुणाला हात लावू देत नाहीत. बाजूला फोन, आणि रिसीव्हर काढून टेबलावर आडवा ठेवलेला.

मी तो उचलून जागेवर ठेवायला गेलो, तर वहिनींनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, भाऊजी. ह्यांचा टाईम हाय. एकदा मी लाईन तोडली, आता कुणाला तोडू द्यायची न्हाई."

मी हात मागे घेतला. हल्ली रोज संध्याकाळी मी दौंडहून तो नंबर फिरवतो. एंगेज लागतो. थोडा वेळ ऐकतो, आणि आवाज न करता फोन ठेवून देतो.